तबकडी लावण्याआधी : टर्नटेबलची मांडणी आणि जोडणी

टर्नटेबल म्हणजे तबकडी ठरावीक वेगाने फिरवणारे आणि तिच्या खाचेतल्या वळणांचे विजेच्या संकेतात रूपांतर करणारे यंत्र. तबकडीच्या एका बाजूवर एकच सलग खाच असते. ती कडेपासून निघून आवर्ते घेत लेबलाकडे जाते. वीस-बावीस मिनिटांच्या बाजूवरची ही खाच सरळ उलगडली तर तिची लांबी अर्ध्या किलोमीटरच्या आसपास भरते. हिऱ्याची सुई खाचेच्या दोन्ही भिंतींना टेकून या वाटेने चालते आणि भिंतींवरच्या अतिशय बारीक वळणांनुसार थरथरते. ती थरथरच पुढे गाणे होऊन स्पीकरमधून बाहेर पडते. गायकाची मींड आणि मोटरची घरघर यांतला फरक सुईला कळत नाही. तिच्यापर्यंत जे पोहोचते त्याचा आवाज होतो, आणि टर्नटेबलच्या मांडणीचे सगळे शास्त्र या एका गोष्टीतून निघते.

सीडी प्लेअर खोक्यातून काढून लगेच वाजवता येतो, कारण त्याची जुळवाजुळव कारखान्यातच झालेली असते. टर्नटेबल मात्र घरी येते तेव्हा अर्धवट बांधलेले असते. सुईवरचा भार, सुई जिच्यात बसते त्या कार्ट्रिजचा कोन, ती धरणाऱ्या आर्मची उंची, यंत्राची पातळी आणि ॲम्प्लिफायरशी जोडणी ही कामे ऐकणाऱ्याने किंवा त्याच्यासाठी एखाद्या जाणकाराने करायची असतात. नीट जुळवलेले साधे टर्नटेबल हयगयीने जुळवलेल्या महाग टर्नटेबलपेक्षा चांगले वाजते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे चुकीची जुळवणी आवाज तर बिघडवतेच, शिवाय खाचही कुरतडते. कुरतडलेली खाच पुन्हा भरून येत नाही. जुन्या मराठी नाट्यपदांच्या, भावगीतांच्या आणि ख्यालांच्या कित्येक तबकड्या आता बाजारात नव्याने मिळत नाहीत. घराघरांतल्या प्रती हेच त्यांचे शिल्लक रूप आहे. म्हणून जुळवणीचा खटाटोप हौसेपुरता मानून चालणार नाही.

आज घरोघरी वाजणाऱ्या तबकडीचे स्वरूप एका दशकात ठरले. अमेरिकेतल्या कोलंबिया कंपनीने 1948 साली मिनिटाला 33⅓ फेरे घेणारी, बारीक खाचेची एलपी बाजारात आणली आणि पुढच्याच वर्षी आरसीएने 45 फेऱ्यांची लहान तबकडी काढली. 1954 पासून ध्वनिमुद्रण करताना खर्ज किती दाबायचा आणि तार स्वर किती उचलायचे याचे आरआयएए नावाचे प्रमाण सर्वमान्य होत गेले. 1957-58च्या सुमारास स्टिरिओ तबकड्या आल्या. त्यांत खाचेच्या आतल्या भिंतीवर डावा आणि बाहेरच्या भिंतीवर उजवा आवाज कोरलेला असतो. या तिन्ही टप्प्यांचा जोडणीशी थेट संबंध आहे, आणि तो पुढे वारंवार येईल.

यंत्रांचे प्रकार मोजकेच आहेत. काहींत मोटर बाजूला असते आणि रबरी पट्टा तबकडीखालची चकती फिरवतो. जुन्या काहींत रबरी चाक मोटरचा वेग चकतीच्या कडेला देते. काहींत चकतीचा आसच मोटरचा आस असतो. माट्सुशिता कंपनीने 1972 साली बाजारात आणलेले टेक्निक्स एसएल-1200 हे या प्रकाराचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण. कोणता प्रकार सरस यावर पुष्कळ वाद होतात, पण मांडणीच्या दृष्टीने फरक थोडाच पडतो. कार्ट्रिजचा प्रकार मात्र आधी ओळखावा लागतो. भारतात 1970च्या दशकात घरोघरी गेलेल्या एचएमव्ही फिएस्टासारख्या रेकॉर्ड प्लेअरमध्ये सिरॅमिक जातीची कार्ट्रिज असे. ती जड भाराने चालते, भरपूर विद्युत्‌दाब देते आणि तिला वेगळ्या फोनो विभागाची (त्याविषयी पुढे) गरज नसते. आजच्या बहुतेक यंत्रांत चुंबकीय कार्ट्रिज असते. पुढचे विवेचन मुख्यतः तिच्याविषयी आहे.

पहिला प्रश्न जागेचा. टर्नटेबल स्पीकरवर ठेवू नये, आणि शक्यतो स्पीकर ठेवलेल्या फळीवरही ठेवू नये. स्पीकरची थरथर फळीतून सुईपर्यंत पोहोचली की ती पुन्हा ॲम्प्लिफायरमधून मोठी होऊन बाहेर येते आणि चक्र सुरू होते. आवाज वाढवला की खर्जात घुमारा उठू लागतो तो यामुळेच. परदेशी माहितीपुस्तिकांत लाकडी जमीन पावलांनी हलते म्हणून बरीच काळजी सांगितलेली असते. सिमेंटच्या स्लॅबवर फरशी घातलेल्या आपल्याकडच्या सदनिकांत ती अडचण कमी येते, पण पुण्या-नाशिकच्या जुन्या वाड्यांतल्या लाकडी तक्तपोशीवर किंवा डुगडुगणाऱ्या टेबलावर ती पुरेपूर जाणवते. अशा ठिकाणी भिंतीत पक्की ठोकलेली फळी उत्तम. जड, न हलणारे बैठे कपाटही चालते. खिडकीतले ऊन तबकडीवर पडणार नाही अशी जागा निवडावी, कारण व्हिनाइल उन्हाने वाकते. थेट पंख्याखालची जागा टाळलेली बरी. तिथे धूळ जास्त बसते.

जागा ठरली की पातळी पाहावी. गवंड्याकडे असते तसली लहान पाणपातळी चकतीवर आधी आडवी, मग उभी धरावी आणि यंत्राचे पाय फिरवून बुडबुडा मधोमध आणावा. पाय फिरत नसतील तर फळीखाली पातळ पाचर द्यावी. पातळी चकतीवरच तपासायची, झाकणावर किंवा टेबलावर नव्हे. यंत्र कलते असेल तर आर्म एका बाजूला ओढला जातो आणि नंतर केलेले सगळे हिशेब चुकतात. म्हणूनच हे काम कार्ट्रिजला हात लावण्याआधी करायचे.

मग वीज आणि वेग. जुन्या अनेक यंत्रांतल्या मोटरचा वेग विजेच्या वारंवारतेवर ठरतो, दाबावर नाही. भारतात ही वारंवारता 50 हर्ट्‌झ आहे, अमेरिकेत 60. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतून अशी यंत्रे प्रेमाने इकडे आणली जातात, 110 व्होल्टचा ट्रान्सफॉर्मरही लावला जातो, आणि तरीही गाणे संथ वाजते. ट्रान्सफॉर्मर दाब बदलतो, वारंवारता बदलत नाही. 33⅓ फेऱ्यांची चकती मग मिनिटाला जेमतेम 27.8 फेरे घेते. स्वर षड्‌ज ते कोमल गंधार या अंतराइतका खाली येतो; काळी चारमध्ये गाणारा आवाज पांढरी चारमध्ये उतरतो. यावर उपाय म्हणजे त्या यंत्राची 50 हर्ट्‌झची पुली मिळवणे, किंवा योग्य वारंवारता तयार करणारा वीजपुरवठा वापरणे. इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाच्या मोटरला ही अडचण नसते. तिथे फक्त दाब जुळवावा लागतो.

वेग तपासायला स्ट्रोबची चकती पुरते. 50 हर्ट्‌झच्या विजेवरचा दिवा सेकंदाला शंभर वेळा उजळतो. चकतीवर 33⅓ फेऱ्यांसाठी 180 रेषा समान अंतरावर छापलेल्या असतील तर वेग बरोबर असताना त्या स्थिर उभ्या दिसतात. पुढे सरकल्या तर वेग जास्त, मागे सरकल्या तर कमी. यासाठी निऑनचा दिवा किंवा जुन्या चोकची ट्यूब लागते, कारण अनेक एलईडी दिव्यांत ही लुकलुक नसतेच. अमेरिकन स्ट्रोबवर त्याच वेगासाठी 216 रेषा असतात. ती चकती आपल्या विजेवर वापरली तर अचूक यंत्रही चुकीचे ठरेल. वेगाचे महत्त्व किती, हे 1977 साली व्हॉयेजर यानांवर पाठवलेल्या सोनेरी तबकडीवरून समजते. केसरबाई केरकरांची भैरवी जिच्यात आहे, त्या तबकडीबरोबर कार्ट्रिज आणि सुई ठेवली आहे, आणि आवरणावर सुई कुठे टेकवायची व एका फेऱ्याला किती वेळ लागला पाहिजे याची आकृती कोरली आहे. ऐकणारा कोण असेल हे माहीत नसतानाही पाठवणाऱ्यांना मांडणीच्या सूचना वगळता आल्या नाहीत.

आता कार्ट्रिज. ती आर्मच्या टोकाच्या हेडशेलमध्ये दोन स्क्रूंनी बसते. तिच्या पाठीमागे चार पिना असतात आणि त्यांना चार बारीक तारा जातात. पांढरी तार डाव्या बाजूच्या धन टोकाला, निळी डाव्याच ऋण टोकाला. तांबडी उजव्या बाजूच्या धन टोकाला आणि हिरवी ऋण टोकाला. हा रंगसंकेत जवळजवळ सगळीकडे सारखाच आहे. तारांच्या टोकांना असलेल्या चिमुकल्या नळ्या बारीक चिमट्याने सरकवाव्यात, जोर करू नये. पीन मोडली तर कार्ट्रिज वाया जाते. या कामात सुईचे आवरण काढायचे नाही. स्क्रू या टप्प्यावर हाताने जेमतेम आवळावेत, कारण कार्ट्रिज पुढे-मागे सरकवणे अजून बाकी असते.

कार्ट्रिज निवडताना एक हिशेब सहसा राहून जातो. आर्मचे वस्तुमान आणि सुईच्या दांडीचा लवचिकपणा मिळून एक नैसर्गिक कंपन तयार होते. ते साधारण 8 ते 12 हर्ट्‌झच्या दरम्यान असावे. त्याहून खाली गेले तर वाकलेल्या तबकडीच्या चढउतारांनी आर्म डोलू लागतो, वर गेले तर खर्जाच्या स्वरांत ढवळाढवळ होते. 159 या संख्येला वस्तुमान आणि लवचिकपणा यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाने भागले की ही वारंवारता मिळते. आर्म, कार्ट्रिज आणि स्क्रू मिळून 19 ग्रॅम आणि लवचिकपणा 12 असेल तर उत्तर साडेदहा हर्ट्‌झच्या जवळ येते, म्हणजे जोडी जमली. जड आर्मला अतिलवचिक सुई किंवा हलक्या आर्मला ताठ सुई जोडली तर कितीही पैसे खर्चूनही समाधान मिळत नाही.

कार्ट्रिज बसल्यावर आर्म तोलायचा. आडवी ओढ रोखणारा अँटीस्केटिंगचा खटका शून्यावर ठेवावा, सुईचे आवरण काढावे आणि मागचे वजन फिरवत आर्म तराजूच्या दांडीसारखा आडवा तरंगेल असे करावे. तरंगत्या स्थितीत वजनावरची अंकांची कडी तेवढी शून्यावर आणावी आणि मग वजन व कडी मिळून कार्ट्रिजसाठी सांगितलेल्या भारापर्यंत फिरवावे. सध्याच्या बहुतेक कार्ट्रिजना दीड ते दोन ग्रॅम भार लागतो. कडीवरच्या अंकांत थोडाफार फरक असू शकतो, म्हणून ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा लहान इलेक्ट्रॉनिक काटा जवळ असणे चांगले. भार कमी ठेवला तर रेकॉर्ड कमी झिजते, असा एक सर्वत्र पसरलेला आणि घातक समज आहे. हलकी सुई मोठ्या आवाजाच्या जागी खाचेच्या भिंतींवर नीट टेकत नाही, उडते आणि पुन्हा आपटते. हिऱ्याच्या या आपटण्याने प्लॅस्टिक खरवडले जाते. उत्पादकाने दिलेल्या मर्यादेतला वरचा आकडाच सुरक्षित असतो.

यानंतरचे काम सर्वांत किचकट, आणि आवाजावर सर्वांत जास्त परिणाम त्याचाच होतो. तबकडी कोरणारी सुई कडेपासून लेबलापर्यंत सरळ रेषेत सरकते. घरातला आर्म मात्र एका खुंटीभोवती फिरतो, त्यामुळे त्याच्या टोकाची सुई वर्तुळाचा कंस काढते. कंस आणि सरळ रेषा सगळीकडे जुळू शकत नाहीत. सुई खाचेला अचूक स्पर्शरेषेत असते ती बाजूवरच्या दोनच ठिकाणी. इतरत्र तिचा कोन थोडा चुकलेला असतो. ही चूक कमीत कमी कशी ठेवायची याचे गणित स्वीडनच्या एरिक लॉफग्रेन यांनी 1938 साली मांडले आणि 1941 साली बेअरवाल्ड यांनी त्याच प्रश्नाचे उत्तर दिले. त्यानुसार ते दोन बिंदू तबकडीच्या केंद्रापासून सुमारे 66 आणि 121 मिलिमीटरवर येतात. यासाठी आर्मच्या टोकाला काही अंशांचा बाक दिलेला असतो आणि सुई चकतीच्या मध्यबिंदूच्या थोडी पलीकडे जाईल अशी ठेवलेली असते. सामान्य नऊ इंची आर्ममध्ये हे पलीकडे जाणे पंधरा ते अठरा मिलिमीटर असते.

हे सगळे गणित एका कागदी कोनमापकावर आखलेले मिळते. तो चकतीच्या आसात अडकवायचा, सुई एका बिंदूवर हलकेच टेकवायची आणि कार्ट्रिज जाळीच्या रेषांना समांतर आहे का ते पाहायचे. मग दुसऱ्या बिंदूवर तेच. दोन्हीकडे जुळेपर्यंत कार्ट्रिज हेडशेलच्या खाचांमध्ये किंचित पुढे-मागे सरकवायची आणि वळवायची. एका बिंदूवर जुळले आणि दुसऱ्यावर नाही तर काम पूर्ण झालेले नाही. नजर कार्ट्रिजच्या खोक्यावर न ठेवता सुईच्या दांडीवर ठेवावी; दोन्हींत फरक असू शकतो आणि खाचेत चालते ती दांडी. कोनमापक संगणकावरून छापला असेल तर त्यावरची मोजपट्टी खऱ्या पट्टीशी ताडून पाहावी, कारण छापताना आकार दोन टक्क्यांनी लहान झाला तरी सारी मेहनत वाया जाते. शेवटी स्क्रू आवळावेत आणि भार पुन्हा तपासावा; कार्ट्रिज सरकली की तोलही बदलतो.

हिंदुस्थानी संगीत ऐकणाऱ्याने या कामात कसूर करू नये, याला ठोस कारण आहे. चकतीचा फिरण्याचा वेग एकच असला तरी सुईखालून खाच सरकण्याचा वेग एकसारखा नसतो. एलपीच्या कडेला तो सेकंदाला सुमारे 51 सेंटिमीटर असतो, लेबलाजवळ जेमतेम 21. तेवढ्याच कालावधीचे संगीत आत पोहोचताना निम्म्याहून कमी जागेत दाटीवाटीने कोरलेले असते, आणि कोनातली लहानशी चूकही तिथे मोठी होते. पाश्चात्त्य सिम्फनीत शेवट कधी शांतही असतो. ख्यालाच्या एलपीवर विलंबित कडेला असते आणि द्रुत, तराणा, वेगाच्या ताना लेबलाजवळ येतात. सतारीच्या तबकडीवर झाला तिथेच असतो. म्हणजे सगळ्यांत अवघड संगीत सगळ्यांत अवघड खाचेत. शेवटच्या पाच मिनिटांत आवाज फाटतो म्हणून रेकॉर्ड झिजल्याचा निष्कर्ष काढला जातो, आणि पुष्कळदा दोष कार्ट्रिजच्या कोनात असतो.

उंची आणि कलाचे काम त्यामानाने सोपे आहे. सुई तबकडीवर टेकलेली असताना आर्म बाजूने पाहिल्यास तबकडीला समांतर दिसावा. चकतीवरची मॅट जाड-पातळ केली तर ही उंची बदलते. समोरून पाहताना कार्ट्रिज डावीउजवीकडे कललेली नसावी. चकतीवर लहान आरसा ठेवून सुई टेकवली की कार्ट्रिज आणि तिचे प्रतिबिंब एका रेषेत आहेत का ते कळते. अँटीस्केटिंगची गरज आर्मच्या त्या बाकामुळेच निर्माण होते. फिरणारी तबकडी सुईला घर्षणाने पुढे ओढते आणि बाकामुळे त्या ओढीचा काही भाग आर्मला केंद्राकडे खेचतो. सुई आतल्या भिंतीवर दाबली जाते, बाहेरच्या भिंतीवरची तिची पकड सुटते आणि उजव्या स्पीकरमधला आवाज आधी फाटतो. सुरुवातीला खटका भाराच्याच अंकावर ठेवावा, मग ऐकून ठरवावे. खाच नसलेल्या कोऱ्या तबकडीवर सुई सोडून हे जुळवण्याची पद्धत प्रचलित आहे, पण कोऱ्या पृष्ठभागावरचे घर्षण खाचेतल्यासारखे नसते, त्यामुळे तिच्यावर विसंबू नये.

यांत्रिक भाग इथे संपतो आणि विजेची जोडणी सुरू होते. चुंबकीय कार्ट्रिज दोन जातींची असते. ज्यात चुंबक हलतो ती 3 ते 5 मिलिव्होल्ट देते. ज्यात तारेचे वेटोळे हलते ती बहुधा अर्ध्या मिलिव्होल्टच्याही खाली. सीडी प्लेअरसारखी साधने याच्या शेकडो पट दाब देतात. शिवाय आरआयएए प्रमाणानुसार तबकडीवर खर्ज दाबून आणि तार स्वर उचलून कोरलेले असतात. 20 हर्ट्‌झ आणि 20 किलोहर्ट्‌झ या दोन टोकांना हा बदल मधल्या स्वरांच्या तुलनेत जवळपास 20-20 डेसिबल इतका असतो. खर्ज दाबल्यामुळे खाचा अरुंद राहतात आणि बाजूवर जास्त संगीत मावते. वाजवताना तार स्वर पूर्ववत खाली आणले की पृष्ठभागाची खरखरही त्यांच्याबरोबर दबते. म्हणून कार्ट्रिज आणि ॲम्प्लिफायर यांच्यामध्ये दोन कामे करणारा फोनो विभाग लागतो. तो संकेत मोठा करतो आणि आरआयएएचे उलट गणित लावतो.

हा विभाग कुठे आहे ते शोधणे ही जोडणीतली निम्मी लढाई. जुन्या ॲम्प्लिफायरमध्ये मागे ‘फोनो’ लिहिलेली जोडी असते. तिथे टर्नटेबल थेट जोडावे. अनेक नव्या ॲम्प्लिफायरमध्ये ती नसते, तेव्हा स्वतंत्र फोनो प्रीॲम्प्लिफायर घ्यावा लागतो आणि त्याची तार ‘ऑक्स’ किंवा ‘लाइन’ला जाते. काही टर्नटेबलांत तो आतच असतो आणि मागे ‘फोनो/लाइन’ असा खटका दिलेला असतो. टर्नटेबल सरळ ऑक्सला लावले तर आवाज अगदी बारीक, खर्ज नसलेला आणि किरकिरा येतो. लाइनवर ठेवलेले टर्नटेबल ॲम्प्लिफायरच्या फोनोला लावले, म्हणजे फोनो विभाग दोनदा आला, तर आवाज मोठा आणि फाटका येतो. या दोन लक्षणांवरून चूक क्षणात ओळखता येते. सिरॅमिक कार्ट्रिजच्या जुन्या प्लेअरला फोनो विभाग चालत नाही. स्वतःचा ॲम्प्लिफायर असलेल्या स्पीकरला टर्नटेबल जोडायचे तरी मध्ये फोनो विभाग हवाच.

हलत्या चुंबकाच्या कार्ट्रिजसाठी फोनो विभागाचा भार 47 किलोओहम असतो, आणि बहुतेक यंत्रांत तो आधीच ठरलेला असतो. हलत्या वेटोळ्याच्या कार्ट्रिजला कमी, बहुधा शंभर ओहमच्या आसपासचा भार आणि दसपट जास्त वर्धन लागते. प्रीॲम्प्लिफायरवर त्यासाठी वेगळा खटका असतो. टर्नटेबलपासून फोनो विभागापर्यंतची तार शक्य तितकी आखूड ठेवावी. तिची विद्युत्‌धारिता कार्ट्रिजवर परिणाम करते आणि लांब तारेने तार स्वरांचा तोल बिघडतो. फोनो विभाग ते ॲम्प्लिफायर ही तार लांब असली तरी फारसे बिघडत नाही. पांढरी पीन डावी, तांबडी उजवी. सगळी जोडणी वीज बंद ठेवून करायची.

बहुतेकांची गाडी अडते ती हमवर, म्हणजे स्पीकरमधून येणाऱ्या अखंड घूं आवाजावर. काही मिलिव्होल्टचा संकेत शेकडो पट मोठा करायचा म्हटल्यावर आसपासच्या विजेचा 50 हर्ट्‌झही त्याबरोबर मोठा होतो. टर्नटेबलमधून दोन पिनांबरोबर बाहेर येणारी तिसरी, टोकाला चिमटा असलेली तार यासाठीच आहे. ती ॲम्प्लिफायरच्या किंवा प्रीॲम्प्लिफायरच्या ‘जीएनडी’ स्क्रूला आवळायची. काही उत्पादकांच्या टर्नटेबलांत ही जोडणी आतूनच झालेली असते आणि वेगळी तार नसते. आर्मला बोट लावताच हम कमी होत असेल तर ही तार सुटली आहे असे समजावे. आर्म आत नेताना हम वाढत असेल तर कार्ट्रिज चकतीखालच्या मोटरचे किंवा ट्रान्सफॉर्मरचे चुंबकीय क्षेत्र पकडते आहे. यंत्र ॲम्प्लिफायरपासून दूर सरकवताच हम बदलला तर दोष ॲम्प्लिफायरच्या ट्रान्सफॉर्मरशी असलेल्या जवळिकीत आहे. दोन्ही एकावर एक ठेवू नयेत. घरात केबल टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स त्याच ॲम्प्लिफायरला जोडलेला असेल तर केबलची तार काढून पाहावी. बाहेरून आलेला अर्थ आणि घरातला अर्थ यांचा फास पडलेला असू शकतो. घरातल्या सॉकेटला अर्थची तार मुळात जोडलीच आहे का, हे वायरमनकडून तपासून घ्यावे. हम घालवण्यासाठी प्लगची अर्थची पीन कापणे हा मात्र जिवावरचा खेळ आहे. तो कोणीही, कधीही करू नये. वीज गेल्यावर साध्या चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर टर्नटेबल चालवल्यास येणारी गुणगुण ही वेगळी गोष्ट. तिला जोडणी जबाबदार नसते.

लाखेच्या जुन्या, 78 फेऱ्यांच्या तबकड्यांचा विषय स्वतंत्र आहे, तरी मांडणीच्या ओघात काही गोष्टी सांगायलाच हव्यात. त्यांची खाच रुंद असते. एलपीची सुई तिच्या तळाशी जाऊन घासते आणि खरखरीशिवाय फारसे काही देत नाही. त्यासाठी सुमारे 75 मायक्रॉन गोलाईची वेगळी सुई आणि जास्त भार लागतो. वेग नेमका 78च असतो असे नाही. सुरुवातीच्या दशकांतल्या तबकड्या कमीजास्त वेगाने मुद्रित झाल्या आहेत, आणि नाट्यपदाची मूळ पट्टी माहीत असेल तर वेगाचा खटका फिरवून ती साधावी लागते. विद्युत मुद्रण 1925 पासूनचे आणि आरआयएए 1954चे, तेव्हा या तबकड्यांना आजचा फोनो विभाग पूर्णपणे लागू पडत नाही. उलट दिशेची चूक अधिक महागात पडते. कर्ण्याच्या चावीच्या बाजावर एलपी कधीही लावू नये. त्याची पोलादी पीन आणि जड मुंडी एकाच फेरीत खाच उद्ध्वस्त करते. सुटकेसच्या आकाराचे स्वस्त नवे प्लेअर इतके वाईट नसतात, पण त्यांतल्या अनेकांत भार जुळवण्याची आणि अँटीस्केटिंगची सोयच नसते. दुर्मीळ तबकडी त्यांवर वाजवू नये.

सगळे जुळले की परीक्षा कानाची. यासाठी तपासणीच्या खास तबकड्या मिळतात, पण आपल्याकडच्या रेकॉर्डमध्ये त्याहून सोयीचे साधन आहे, ते म्हणजे तानपुरा. आलापामागचा तानपुरा लक्ष देऊन ऐकावा. षड्‌ज सतत, अनियमित थरथरत असेल तर पट्टा सैल झाला आहे किंवा आसाला तेल हवे आहे. बरोबर 1.8 सेकंदांच्या अंतराने स्वर वर-खाली डोलत असेल तर तो तबकडीचा दोष. 33⅓च्या वेगात एका फेऱ्याला तेवढाच वेळ लागतो, आणि भोक मध्यावर नसलेली तबकडी असेच डोलते. यंत्र सुधारून ते जाणार नाही. गायकाचा आवाज दोन स्पीकरच्या नेमका मधे न येता एकीकडे झुकत असेल तर कार्ट्रिजचा कल पाहावा. उजवीकडचे ‘स’, ‘श’ फिसकारत असतील तर अँटीस्केटिंग. दोन्हीकडचे फिसकारत असतील तर भार आणि कोन. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि बदलण्याआधीची जागा पेन्सिलीने टिपून ठेवावी.

जुळवणी टिकवायला फार काही लागत नाही. सुई दर बाजूआधी मऊ ब्रशने मागून पुढे पुसावी. हिऱ्याची सुईही साधारण पाचशे ते हजार तासांत झिजते, आणि झिजलेली सुई छिन्नीसारखी काम करते. जुन्या बाजारातून घेतलेल्या यंत्राची सुई म्हणूनच पहिल्याच दिवशी बदलावी. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात तबकड्यांवर बुरशी येते. व्हिनाइल पातळ साबणाच्या किंवा ऊर्ध्वपातित पाण्याने धुता येते. लाखेच्या तबकडीला स्पिरिट किंवा अल्कोहोल लावू नये. लाख त्यात विरघळते. तबकड्या उभ्या ठेवाव्यात, आडव्या रचू नयेत. नवे टर्नटेबल घेणाऱ्याने आपल्या रकमेतला थोडा भाग कोनमापक, भाराचा काटा आणि पाणपातळी यांसाठी बाजूला काढावा, आणि घरातली सर्वांत प्रिय रेकॉर्ड हे तिन्ही हातात येईपर्यंत आवरणातच राहू द्यावी.